नाव, जात आणि नळ : मुकुंदवाडीच्या निमित्ताने एक आढावा

छत्रपती संभाजीनगरातल्या सामाजिक तणावावर जे काही लिहिलं गेलं आहे, त्यातलं बहुतेक जुन्या शहरातच घुटमळतं. शहागंज, राजाबाजार, किराडपुरा ही नावं पुन्हा पुन्हा येतात. मुकुंदवाडीचं नाव दंगलींच्या इतिहासात सहसा नसतं. ते येतं पाणीटंचाईच्या, अतिक्रमणाच्या, चाकूहल्ल्याच्या बातम्यांत. त्यामुळे समाजासमाजात तंटे का होतात आणि ते शमवायचे कसे, या प्रश्नाचा आढावा घ्यायला हे ठिकाण आडवळणाचं वाटेल. तरी ते घेतलं आहे. हिंदू-मुस्लिम तणाव, मराठा-दलित तणाव आणि पाणी-जागेवरची भांडणं यांचा अभ्यास करणारी माणसं वेगळी, त्यांचे अहवाल वेगळे. मुकुंदवाडीसारख्या वस्तीत मात्र या तिन्ही गोष्टी एकाच गल्लीतून ये-जा करतात.

वस्ती कशी झाली

मुकुंदवाडी मूळचं खेडं. जालना रस्त्यालगतचं, एका अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला १९७० च्या दशकात उभं राहू लागलेलं सिडको. १९७१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती. २०११ मध्ये ती ११ लाख ७५ हजार झाली. १९७२ चा दुष्काळ, मग कारखाने, मग बांधकामं यांच्या मागे जालना, बीड, परभणीकडून माणसं येत राहिली. सिडकोचे आखीव प्लॉट ज्यांना परवडले नाहीत, त्यांनी शेजारची शेतजमीन गुंठ्या-गुंठ्याने विकत घेतली, बऱ्याचदा नुसत्या बाँडपेपरवर. राजनगर, मुकुंदनगर, संजयनगर, विठ्ठलनगर अशी नावं पडली. सातबारा मूळ मालकाच्या नावावर, घर आपलं, आणि महापालिकेच्या लेखी दोन्ही अर्धवट.

गुंठेवारीच्या घरांना मान्यता देणारा कायदा २००१ साली आला. २०२१ मधल्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याची दारं उघडली. मधल्या काळात नळ, रस्ता, ड्रेनेज जे मिळायचं ते ओळखीने मिळत गेलं. ही ओळख लावून देणारा माणूस, म्हणजे नगरसेवक, मंडळाचा अध्यक्ष किंवा कुणाचा तरी पाहुणा, तंट्याच्या कुठल्याही चर्चेत महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुढे यावंच लागेल.

पाण्याचं एकच उदाहरण सांगतो. जायकवाडीचं पाणी पैठणहून पंप करून शहरात येतं आणि बहुतेक वस्त्यांना ते काही दिवसांच्या अंतराने मिळतं. २०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या वस्तीतली शाळकरी मुलं रिकामे कॅन आणि कळश्या घेऊन पॅसेंजरमध्ये चढत, तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनवर पाणी भरत आणि उलट्या गाडीने परत येत. ही बातमी तेव्हा जगभर गेली. ज्या वस्तीत पाणी असं आणावं लागतं, तिथे टँकरच्या नळीपुढे ड्रम कुणाचा आधी, हा प्रश्न किरकोळ राहत नाही.

मागून आलेली तीन ओझी

पहिलं ओझं १९४८ चं. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. रझाकारांचे अत्याचार आणि निजामी राजवटीविरुद्धचा लढा इथल्या सार्वजनिक आठवणीचा भाग आहे. पोलिस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर जी हिंसा झाली, तिची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तो अहवाल मात्र कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. एका समाजाची आठवण झेंडावंदनात, दुसऱ्याची घरातल्या बोलण्यात. दोन्ही खऱ्या, आणि एकमेकींना फारशा भेटलेल्या नाहीत.

दुसरं ओझं नामांतराचं. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. त्याआधीच, १९५० साली, डॉ. आंबेडकरांनी इथे मिलिंद महाविद्यालय सुरू करून दलित तरुणांच्या शिक्षणाची वाट उघडली होती. विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली, कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षं गेली. गाव सोडलेल्यांपैकी बरेच जण शहराच्या कडेच्या वस्त्यांत आले. म्हणजे आजच्या कित्येक वस्त्या या त्या तंट्याचीच उपज आहेत.

तिसरं ओझं शहराच्या नावाचं. महापालिका १९८२ ची, पण पहिली निवडणूक १९८८ ची. तीत शिवसेनेला मिळालेल्या यशानंतर बाळासाहेब ठाकरे यांनी औरंगाबादसाठी संभाजीनगर हे नाव जाहीर केलं. १९९५ मध्ये युती सरकारने निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, पुढच्या सरकारने मागे घेतला. जून २०२२ मध्ये महाविकास आघाडीने पुन्हा निर्णय घेतला, शिंदे सरकारने त्यात ‘छत्रपती’ जोडलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने मान्यता दिली आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवलं. कायद्यापुरता विषय मिटला आहे.

यांत २०१६ नंतर चौथी गोष्ट आली. मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात याच शहरात झाली, ९ ऑगस्ट २०१६ रोजी. मोर्चे मूक आणि शिस्तीचे होते. मागण्यांत आरक्षण होतं, शेतीचे प्रश्न होते, आणि अॅट्रॉसिटी कायद्यात बदलही होता, ज्याने दलित वस्त्यांत धास्ती बसली. जुलै २०१८ च्या शेवटी मुकुंदवाडीच्या एका तरुणाने आरक्षणासाठी रेल्वेखाली जीव दिला आणि जालना रस्ता ठप्प झाला. २०२३ पासून, अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर झालेल्या लाठीमारानंतर, तणावाचा रोख मराठा विरुद्ध ओबीसी असा वळला.

कारणांविषयी कोण काय म्हणतं

पहिली मांडणी राजकारणाची. पॉल ब्रास यांच्या मते दंगल पेटत नाही, पेटवली जाते, आणि ती पेटवण्याची एक बसलेली यंत्रणा असते. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ च्या पुस्तकात मतांचा हिशोब पुढे आणला : सत्ताधाऱ्यांना अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलिस दंगल दाबतात, नसेल तर पाहत राहतात. हे शहर या मांडणीची अवघड परीक्षा घेतं. २०११ च्या जनगणनेनुसार इथे हिंदू ५१ टक्के, मुस्लिम ३१ टक्क्यांच्या आसपास आणि बौद्ध १५ टक्के. एवढ्या तिरंगी समाजात कुणाची मोट कुणाशी बांधली जाईल, हे पक्कं नसतं. २०१९ मध्ये वंचित आणि एमआयएम एकत्र आले, मराठा मतांत फूट पडली आणि इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आतल्या फरकाने खासदार झाले. अशा ठिकाणी ध्रुवीकरणाचा मोह जास्त, की जुळवून घेण्याची गरज जास्त? दोन्ही बाजूंनी पुरावे दाखवता येतात.

दुसरी मांडणी आशुतोष वार्ष्णेय यांची. १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास करून त्यांनी सहा शहरांच्या जोड्या लावल्या आणि असं म्हटलं की नुसता शेजार, सणाला शिरखुर्मा आणि फराळाची देवाणघेवाण, मोठ्या ताणात टिकत नाही. टिकतात त्या संघटना, जिथे दोन्ही समाजांचा पोटापाण्याचा संबंध असतो : व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, क्लब. मुकुंदवाडीच्या बाबतीत हा मुद्दा बोचरा आहे. कारखान्यात कायम नोकऱ्या होत्या तोवर एक युनियन, एक कँटीन, एक बस होती. कंत्राटी पद्धत आल्यावर माणूस ठेकेदाराचा झाला. आणि ठेकेदार माणसं आणतो ती बहुधा आपल्या गावची, आपल्या जातीची. युनियनची जागा जयंती मंडळांनी आणि गणेश मंडळांनी घेतली. त्यांत उत्साह भरपूर, पण एका मंडळात सगळे समाज अपवादानेच. वार्ष्णेय यांच्यावरचा आक्षेपही नोंदवायला हवा : संघटना असतात म्हणून शांतता राहते, की शांतता असते म्हणून संघटना टिकतात, हे त्यांच्या मांडणीतून पुरेसं सुटत नाही.

तिसरी मांडणी टंचाईची. शहरातले कार्यकर्ते आणि बरेच पत्रकार ही धरतात आणि त्यांच्याकडे ताज्या घटना आहेत. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराचा कचरा रस्त्यावर साचला, मार्चमध्ये तो मिटमिट्याला नेताना दगडफेक आणि पोलिसांची मारहाण झाली आणि पोलिस आयुक्तांना रजेवर जावं लागलं. कचरा ना हिंदू ना मुस्लिम, पण तो कुणाच्या दारात टाकायचा याला जात-धर्म लगेच चिकटतो. त्याच वर्षी ११ मेच्या रात्री मोतीकारंजा, गांधीनगर, शहागंज भागात दंगल झाली, दोघांचा जीव गेला, दुकानं जळाली. सुरुवात कशाने झाली? अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून, असं एक वृत्त. हातगाड्यांच्या जागेवरून, असं दुसरं. आधीच शिजत असलेल्या राजकारणावरून, असं तिसरं. टंचाईवाले पहिलं उचलतात, राजकारणवाले तिसरं. माझ्या मते नळ हे कारण कमी आणि काडी जास्त होती. पण काडी जिथे रोज ओढली जाते तिथे तिला दुय्यम म्हणून सोडता येत नाही.

चौथी मांडणी दलित विचारवंतांची आणि ती बाकीच्यांच्या पायालाच हात घालते. गोपाळ गुरू यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातली हिंसा तपासताना दाखवलं की हल्ले होतात ते दलित शिकतात, गायरान कसतात, गावकीची कामं नाकारतात तेव्हा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यापासून गायरानाचा प्रश्न इथे धुमसतोच आहे. या दृष्टीने याला ‘दोन समाजांतला तंटा’ म्हणणं हेच चुकीचं : तंटा बरोबरीच्यांत होतो, इथे एक बाजू वरची आहे आणि ती जागा सोडायला तयार नाही. मग ‘दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्यावं’ हा सल्ला निःपक्ष न राहता वरच्या बाजूच्या सोयीचा ठरतो. यावर मराठा कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की कोरडवाहू, कर्जबाजारी कुटुंबाला ‘वरचं’ म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही, आणि कायद्याच्या धाकाने रोजचं बोलणंही अवघडलं आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या गैरवापराचा वाद महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकालाला लागला, संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने स्वतःही पाऊल मागे घेतलं. कायद्याची बाजू स्पष्ट झाली. मनातली झाली असं म्हणवत नाही.

पोलिसांना विचाराल तर ते यांतलं काहीच पहिलं सांगत नाहीत. ते सांगतात अफवा, मोबाईलवरचं स्टेटस, आणि नशेच्या गोळ्या. या शहरात त्यांना ‘बटन’ म्हणतात. विद्यापीठीय लेखनात बटनाला जागा नाही, पण बेकार पोरांची टोळी, गोळी आणि खिशातला चाकू हे मिश्रण वस्तीतल्या बायांना कुठल्याही सिद्धांतापेक्षा जवळचं वाटतं.

आतापर्यंतचे उपाय

सगळ्यात जुना आणि सर्वत्र असलेला उपाय म्हणजे शांतता समिती. सणाच्या आधी पोलिस ठाण्यात किंवा एखाद्या मंगल कार्यालयात बैठक लागते. पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मौलाना, भंतेजी, एखादे निवृत्त मुख्याध्यापक. निरीक्षक डीजेच्या आवाजाचे आणि दहा वाजेच्या मुदतीचे नियम वाचतात. मग एकेक जण उठतो आणि आमच्या भागात कधीच काही झालं नाही, हे सांगून मिरवणुकीच्या मार्गावरचा पथदिवा बंद असल्याची तक्रार करतो. चहा होतो, फोटो होतो. हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही : मिरवणुकीच्या मार्गाचे कितीतरी वाद याच खोलीत मिटतात. पण ज्यांच्या हातून दगड सुटतो ती विशीतली पोरं आणि जिच्या दारात तो पडतो ती बाई, दोघंही त्या खोलीत नसतात. आणि समिती सणाला भरते, टँकरला नाही.

महाराष्ट्राचा सगळ्यात नावाजलेला प्रयोग भिवंडीचा. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिलेल्या या गावात पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. प्रतिष्ठितांऐवजी यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले अशी रोजच्या रस्त्यावरची माणसं घेतली. आणि समितीपुढे धर्माचा विषय न ठेवता गटार, भाडं, नवरा-बायकोचं भांडण अशा तक्रारी ठेवल्या, ज्या ऐकायला ठाण्यातला साधा हवालदारही बसे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला समित्या झाल्या, ज्यांत ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांचा पुढाकार होता.

पण भिवंडीची गोष्ट इथे थांबवणं अर्धवट होईल. जुलै २००६ मध्ये त्याच गावात कब्रस्तानाशेजारच्या पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली आणि दोन पोलिसांचा जीव गेला. समर्थक म्हणतात, तोवर समित्या नावापुरत्या उरल्या होत्या. टीकाकार म्हणतात, अधिकारी बदलला की जी विरते ती व्यवस्था नव्हे. दोन्ही म्हणण्यांतून एकच प्रश्न उरतो : चांगला अधिकारी बदलून गेल्यावर समितीचं रजिस्टर कोण लिहिणार?

ग्रामीण भागात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली; तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती ओळखच झाली. बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे हजारो तंटे गावातच मिटले, बक्षिसं मिळाली, आंतरजातीय विवाहांनाही प्रोत्साहन मिळालं. आक्षेप असा की बक्षिसाच्या ओढीने दुबळ्याला गप्प बसवलं जातं. अॅट्रॉसिटी आणि बायकांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी ‘गावाचं नाव जाईल’ म्हणून दाबल्या जातात. मुकुंदवाडीपुरता मुद्दा याहून सरळ आहे : ती महापालिका हद्दीत, म्हणून ही मोहीम तिला लागूच नाही. खेड्याचा गावपंच गेला आणि शहराने त्याच्या जागी काही दिलं नाही.

कठोर कारवाई हा उपाय अलीकडे लोकप्रिय आहे. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीत एका भांडणातून तरुणाचा खून झाला. लगेच महापालिकेने जालना रस्त्यालगतची दोनशेहून अधिक बांधकामं पाडली आणि पुढच्या आठवड्यांत ही मोहीम शहरातल्या इतर मोठ्या रस्त्यांवर गेली. प्रशासनाची भूमिका अशी की बांधकामं बेकायदा होती, रस्ते विकास आराखड्याप्रमाणे रुंद व्हायलाच हवेत, आणि टपऱ्यांच्या आडोशाला गुन्हेगारी वाढते. ज्यांची दुकानं गेली त्यांचा सवाल होता : भांडण दोघाचौघांचं, मग आमची रोजी का? रस्ता मोकळा झाला, यात वाद नाही. वस्तीतला ताण कमी झाला की नुसता मागच्या गल्लीत सरकला, याचं उत्तर एवढ्यात देणं घाईचं होईल.

न सुटलेलं

पहिली अडचण मोजणीची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दंगलींची वर्गवारी देतो : धार्मिक, जातीय, पाण्यावरून, जमिनीवरून, राजकीय. मे २०१८ ची रात्र यांतल्या कुठल्या रकान्यात बसवायची? रकाना कोण भरतो, त्यावर कारण ठरतं, आणि मग तेच आकडे अभ्यासक कारणाचा पुरावा म्हणून वापरतात. शिवाय शहरनिहाय तपशील मिळतो तो वीस लाखांवरच्या महानगरांचा. संभाजीनगरसाठी ठाण्यातल्या फिर्यादी एकेक करून वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी, शांततेचा अभ्यास नाही. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि दंगल झाली नागपुरात. कबर ज्या खुलताबादेत आहे तिथे ती झाली नाही. तिथला बाजार दर्ग्याच्या उरुसावर आणि भद्रा मारुतीच्या भाविकांवर चालतो. हारवाल्याला दोन्हीकडची गर्दी लागते. वार्ष्णेय यांना हे उदाहरण आवडलं असतं. पण तेव्हा गावात बंदोबस्तही मोठा होता, कबरीभोवती पत्रे लागले होते. शांतता हारवाल्याने राखली की पोलिसाने, हे वेगळं काढायचा प्रयत्न कुणी केलेला नाही. किराडपुऱ्यात २०२३ च्या रामनवमीच्या आदल्या रात्री मंदिराजवळ जाळपोळ, गोळीबार आणि एक मृत्यू झाला, आणि रामनवमीचा दिवस मात्र शांततेत गेला. या दोन्ही गोष्टी एकाच मोहल्ल्यातल्या आहेत; लिहिलं गेलं ते फक्त रात्रीबद्दल.

तिसरी गोष्ट तपासता येण्याजोगी आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शहराच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं; १,६८० कोटींची ती योजना पुढे २,७४० कोटींवर गेली. मुकुंदवाडीला रोज पाणी आल्यावर तिथल्या ठाण्यातल्या मारामारीच्या फिर्यादी कमी होतात का, हे आधीच्या आणि नंतरच्या नोंदी लावून पाहता येईल. टंचाईवाल्यांची मांडणी खरी की खोटी, याची एवढी स्वच्छ कसोटी क्वचित मिळते. त्यासाठी आजच्या नोंदी आजच गोळा व्हायला हव्यात.

आणि चौथी, त्या ओळखवाल्या माणसाची. एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची बरीच वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवक पेटवतो असं मानणाऱ्यांच्या हिशोबाने हा काळ शांत जायला हवा होता. नगरसेवकच मिटवतो असं मानणाऱ्यांच्या हिशोबाने बिघडायला हवा होता. त्याच काळात किराडपुरा घडलं. त्याच काळात लाईनमनला फोन करून व्हॉल्व्ह उघडायला लावणारं कुणी उरलं नाही म्हणून भांडणं वाढली, असं सांगणारे लोक कुठल्याही गुंठेवारी वस्तीत भेटतात. आणि वशिलेबाजी थांबली म्हणून उलट कमी झाली असं सांगणारे त्यांच्या शेजारीच राहतात.